गप्पांचा लेयर

१

मी ड्राफ्ट्समन आहे. अठ्ठावन्न वर्षांचा, मधुमेही, आणि बायको म्हणते तसा हेकट. ग्वाल्हेरात इंदरगंजला, चौकाच्या जरा पुढे, दुसऱ्या मजल्यावर आमचं नकाशांचं ऑफिस होतं. लोक घर बांधायचं म्हणून यायचे, साहेब त्यांच्याशी बोलून आराखडा ठरवायचे आणि आम्ही तो काढायचो. अर्धी नोकरी मी ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहून केली, उरलेली कॉम्प्युटरपुढे बसून. नाव भालचंद्र, पण सगळे नाना म्हणतात.

गेल्या मार्चमध्ये साहेबांनी ऑफिस इंदूरच्या एका मोठ्या कंपनीत विलीन केलं. विलीनीकरण आमच्या घराला नवं नाही. माझे आजोबा संस्थानच्या नकाशाखात्यात होते. आधी संस्थान मध्य भारत राज्यात गेलं, मग छप्पन्न साली सगळा कारभार भोपाळला गेला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी कपाटं रिकामी करून नकाशे पेट्यांत भरून दिले. ते म्हणायचे, नकाशे गेले त्याचं काही नाही, पण कडेला पेन्सिलीने लिहिलेलं सगळं कुणीतरी खोडून टाकलं असणार. हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे आणि आम्ही पोरं हसायचो.

इंदूरवाल्यांचं सॉफ्टवेअर वेगळं. आमची जुनी कामं त्यांना नुसती रेकॉर्डला हवी होती, पीडीएफ करून. दोन हजार तीनशे सोळा ड्रॉइंग. शुक्रवारी चार वाजता त्यांची माणसं येऊन आमची सगळी मशीनं पुसणार, म्हणजे मूळ फाइलींचं नामोनिशाण राहणार नाही, आणि त्या घरी न्यायलाही मनाई होती. हाताने एकेक ड्रॉइंग उघडून पीडीएफ करत बसलो असतो तर दिवाळी उजाडली असती. पण शामलाने कधीतरी एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. त्याला फोल्डर दाखवलं की तो आपणहून एकेक ड्रॉइंग उघडतो, पीडीएफ काढतो, बंद करतो आणि पुढचं उघडतो. माणसाने नुसतं बघत चहा प्यायचा.

शामला माझी मुलगी. नाव जुनं वाटेल, पण तो माझ्या आईचा हट्ट. ती याच ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मला माऊस धरायला तिनेच शिकवलं, आणि शिकवताना इतकं झापलं की माझे शाळेतले मास्तर परवडले.

आता तिची एक कारागिरी सांगतो. कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग म्हणजे एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपर समजा. एकावर भिंती, एकावर दारं-खिडक्या, एकावर मापं. त्यांना लेयर म्हणतात. एखादा लेयर लपवून ठेवता येतो, आणि स्क्रीनवर दिसेल पण प्रिंटमध्ये येणार नाही असंही करता येतं. शामलाने तसला एक लेयर केला आणि त्याला नाव दिलं ‘गप्पा’. साहेबांना कामाच्या वेळी बोललेलं खपायचं नाही, म्हणून आम्ही बापलेक ड्रॉइंगमध्ये लिहायचो. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या मधोमध, ‘बाबा, डबा खाल्लात का?’ कुणाच्या जिन्याखाली, ‘साहेबांची मिशी आज डावीकडे जास्त काळी आहे.’ प्रिंट निघाली की सगळं स्वच्छ. घरमालकांना कधी पत्ताही लागला नाही.

शामला २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. अठ्ठावीस वर्षांची होती. तिच्या हातचं, तिच्या बोलण्यातलं माझ्याकडे जे काही उरलं होतं ते त्या लेयरवर होतं, आणि शुक्रवारी ते पुसलं जाणार होतं. म्हणून मी ठरवलं की प्रोग्राम दोनदा चालवायचा. एकदा इंदूरसाठी स्वच्छ, आणि एकदा गप्पांचा लेयर प्रिंटमध्ये घेऊन माझ्यासाठी.

२

इंदूरचा गठ्ठा सोमवारी निघाला. मंगळवारी सकाळी अकराला मी माझा लावला.

खरं सांगतो, ती गेल्यापासून मी तो लेयर लपवूनच ठेवला होता. नवी ड्रॉइंग तिच्याच साच्यावर काढायचो, त्यात गप्पांचा लेयर आपोआप असायचाच, पण मी तो चार वर्षांत एकदाही उघडला नाही. छातीच झाली नाही. आता मात्र एकामागून एक पीडीएफ येत गेल्या आणि मी वाचत गेलो. २०१६. ‘बाबा, या बाईंना देवघर संडासाला लागून हवंय, तुम्हीच समजवा.’ २०१८. ‘आईला सांगू नका, मी कचोरी खाल्ली.’ मी हसत होतो आणि डोळे पुसत होतो. शेजारी दौलतसिंह आपलं टेबल आवरत होता. तो आमचा साइटवरचा माणूस, वीस वर्षांचा सोबती. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि चहा सांगायला खाली गेला.

२०२१ चा एप्रिल आला आणि गप्पा संपल्या. पुढची चारशे बारा ड्रॉइंग माझ्या एकट्याची. मी खुर्ची मागे घेतली. प्रोग्राम चालूच होता.

मग हजीरा मोहल्ल्यातलं एक घर आलं. २०२२ चं काम, मीच काढलेलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. त्यातल्या मागच्या खोलीच्या कोपऱ्यात एक जास्तीची खोली होती. आठ फूट बाय सहा. चारी बाजूंनी भिंती, गप्पांच्या लेयरवर काढलेल्या. आत लिहिलं होतं, ‘बाबा, इथे दार राहिलं.’

मी लगेच घाबरलो वगैरे नाही. आमच्या धंद्यात कुणीही कोऱ्या कागदापासून सुरुवात करत नाही. जुनं ड्रॉइंग घ्यायचं, नको ते पुसायचं, हवं ते ठेवायचं. कुठल्या तरी जुन्या फाइलमधून तिची चूक-दुरुस्ती या घरात आली असणार. एवढं साधं होतं. मी ते शहाण्यासारखं स्वतःला समजावलं आणि गार झालेला चहा प्यायलो.

३

पुढच्या घरातही ती खोली होती. त्याच्या पुढच्यातही. सराफ्यातल्या एका दुकानाच्या नकाशात ती तिजोरीच्या मागे होती, एका शाळेच्या नकाशात वर्गाच्या भिंतीआड. बुधवारचा अख्खा दिवस मी तेच तपासत बसलो. शेवटचं एक बघायचं राहिलं. बाकी चारशे अकराच्या चारशे अकरा ड्रॉइंगमध्ये ती होती, आणि कुठेही तिला दार नव्हतं.

कॉपीच म्हणावी, तर सगळीकडे माप एक यायला हवं होतं. २०२२ च्या हिवाळ्यात ती सात बाय पाच झाली होती. २०२३ मध्ये पाच बाय चार. पुढच्या वर्षी चार बाय तीन. मजकूरही तोच नव्हता. ‘बाबा, मी हाक मारते ते ऐकू येतं का?’ ‘बाबा, तुम्ही शेजारीच बसलाय ना?’ मग बरेच महिने नुसतं ‘बाबा’. मी ज्या साच्यावरून ही ड्रॉइंग काढली तो साचा उघडून पाहिला. त्यात गप्पांचा लेयर होता, पण कोरा.

दौलतसिंहला बोलावून दाखवलं. त्याने चष्मा चढवून दहा-बारा नकाशे बघितले. आधी म्हणाला, कॉपी-पेस्ट असेल, और काय. मग त्याने मला फाइलींची माहिती काढायला लावली. प्रत्येक फाइल शेवटची कुणी सेव्ह केली ते तिथे दिसतं. सगळीकडे माझंच नाव होतं.

“नाना, वाईट नका वाटून घेऊ,” तो हळूच म्हणाला. “हे तुम्हीच लिहून राहिलात. दुःखात माणसाला आपण काय करतो ते कळत नाही. माझ्या वडिलांनी आई गेल्यावर वर्षभर दोन ताटं वाढली होती.”

मला ते पटलं. पटावं अशी माझी फार इच्छाही होती. एक म्हातारा बाप डोकं ठिकाणावर नसताना मुलीच्या नावाने स्वतःलाच चिठ्ठ्या लिहितो, यात लाजण्यासारखं आहे, पण भिण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच होती की मी लेयर लपवून ठेवला होता. लपवलेल्या लेयरवर काय काढतोय ते काढणाऱ्याला दिसत नाही. आणि त्या भिंती कोपऱ्याला कोपरा बरोबर जुळलेल्या होत्या.

४

गुरुवारी संध्याकाळी मी वनमालाला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं. पण जेवताना मी ताट तसंच बाजूला सारलं आणि तिने कारण काढून घेतलंच.

शामला गेली त्या दिवसांबद्दल आम्ही दोघं घरात बोलत नाही. तेव्हा आजाऱ्याजवळ कुणाला सोडत नव्हते. तिला एका लहानशा खोलीत एकटीला ठेवलं होतं आणि मी खाली आवारात कडुनिंबाखाली बसून होतो. तिचा दोनदा फोन आला, वर या म्हणून. मी म्हणालो, सोडत नाहीत गं. नियमाचा माणूस ना मी. तिसऱ्या दिवशी तिथल्या माणसाने सांगितलं की काका, आता घरी जा, बरं वाटतंय तिला, आणि मी घरी आलो. पहाटे फोन आला तेव्हा मी झोपलेलो होतो. हे मला कुणी विसरू दिलं तरी मी विसरणार नाही.

वनमाला सगळं ऐकून घेत होती. हातातलं लाटणं तिने खाली ठेवलं. मला वाटलं रडेल, किंवा दौलतसिंहसारखी समजूत काढेल. तिने फक्त एकच विचारलं.

“आता खोली केवढी आहे? तिला बसता तरी येतं का?”

मी म्हणालो, उद्या बघून सांगतो. असं म्हणालो मी, जसं काही साइटवर जाऊन माप घेऊन येणार होतो.

५

शुक्रवारी दहाला मी सगळ्यात शेवटचं ड्रॉइंग उघडलं. ते आमच्याच ऑफिसचं होतं. इंदूरवाल्यांना जागेचा नकाशा हवा होता म्हणून मी आठवड्यापूर्वीच टेप लावून काढला होता. माझं टेबल, शामलाचं टेबल, त्यामागची भिंत, पलीकडे जिना. खोली त्या मागच्या भिंतीतच होती. दोन फूट बाय दीड फूट. बसायला जागा नव्हती. मजकूर इतका बारीक होता की मला तो मोठा करून वाचावा लागला.

‘बाबा, आज शेवटचा दिवस ना? दार देता?’

तेव्हा माझी अक्कल बाजूला झाली आणि बाप उरला. मशीनं पुसली की ही ड्रॉइंग संपली. पीडीएफ म्हणजे फोटो, त्यात भिंत तोडता येत नाही. दार बसवायचं तर चारच्या आत. चारशे बारा ठिकाणी, कारण ती नक्की कुठे आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हाताने एका ड्रॉइंगला दोन मिनिटं धरली तरी रात्र झाली असती.

मी शामलाचा प्रोग्राम उघडला आणि त्यात माझ्या ओळी घालायला लागलो. आमच्या ऑफिसात दार कुणी रेघ-रेघ करून काढत नाही. तयार दारं ठेवलेली असतात, खोलीचं दार, कपाटाचं दार, फाटक. ते उचलायचं आणि भिंतीत बसवायचं. मी प्रोग्रामला सांगितलं, गप्पांच्या लेयरवरची खोली शोध, तिच्या पुढच्या भिंतीत ‘खोलीचं दार’ बसव, सेव्ह कर आणि मग पीडीएफ काढ. चार ओळींचं काम, पण मला दोन वाजले. तीनदा अडकलं. तिने समासात जागोजागी माझ्यासाठी सूचना लिहून ठेवल्या होत्या, ‘बाबा, इथे कंस विसराल’ अशा, आणि मी बरोबर तिथेच कंस विसरत होतो.

अडीचला सुरू केलं. स्क्रीनवर घरं येत होती आणि जात होती. हजीरा, मुरार, सराफा. प्रत्येक घरात क्षणभर ती खोली दिसायची, तिच्या भिंतीत टक्कन दार बसायचं आणि पुढचं घर यायचं. दौलतसिंह माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याने मला वेडा म्हटलं नाही. खांद्यावर हात ठेवला आणि शेवटपर्यंत तिथेच थांबला. चारला दहा कमी असताना शेवटचं ड्रॉइंग झालं, आमच्या ऑफिसचं. मी त्याची कागदावर एक प्रिंट काढली, गुंडाळली आणि खिडकीत ठेवली. चार वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. वाटलं, उशिरा का होईना, बापाने एक काम केलं.

६

इंदूरची दोन माणसं वेळेवर आली. सज्जन होती. नमस्कार वगैरे केला, माझ्या सह्या घेतल्या आणि पाऊण तासात सगळी मशीनं पुसून टाकली. दौलतसिंह त्यांच्याबरोबर सामान खाली पोचवायला गेला. मी म्हणालो, कुलूप मी लावतो.

बाहेर लख्ख ऊन होतं. चौकातल्या गाड्यांचा आवाज वर येत होता. मी खिडकीतला कागद घेतला, शामलाच्या रिकाम्या टेबलावर पसरला आणि चष्मा लावला.

नकाशात दार कसं दाखवतात ते तुम्ही पाहिलं असेल. भिंतीत फट, एक सरळ रेघ, आणि एक पाव गोल. तो पाव गोल सांगतो की दार कोणत्या बाजूला उघडतं. खोलीचं दार नेहमी खोलीच्या आत उघडतं. तयार दार तसंच केलेलं असतं, त्यात विचार करायचा नसतो. फक्त जागा अगदी अरुंद असली, लहान न्हाणीघर वगैरे, तर ते उलटवून बाहेर उघडायला लावायचं. नाहीतर आत माणूस उभा असला की दार त्याला अडतं आणि उघडत नाही. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी पन्नासेक पोरांना शिकवलं असेल.

कागदावर दोन बाय दीडची खोली होती आणि तो पाव गोल आत होता. खोली त्याने पूर्ण भरली होती. चारशे बारा ठिकाणी मी असंच दार बसवून दिलं होतं, एका झटक्यात, डोळे पुसत.

मी मशीनकडे वळलो. सवय हो. बटण दाबलं तर काळ्या स्क्रीनवर इंदूरच्या कंपनीचं नाव आलं, आणखी काही नाही.

तेवढ्यात मागच्या भिंतीत कडी सरकली.

ती भिंत नऊ इंचांची आहे. मी स्वतः मोजलेली. पलीकडे जिना आहे, तिथून दिवसभर लोक जातात-येतात. तिच्यात दीड फुटाची खोली मावत नाही, हे मी कुणालाही पैजेवर सांगितलं असतं. पण चुन्यावर एक उभी सरळ रेघ उमटली होती, माणसाच्या उंचीहून थोडी वर. मग ती रेघ काळी झाली. बोटभर रुंद झाली, कशावर तरी ठक्‌कन आदळली आणि थांबली. पुन्हा मिटली. पुन्हा बोटभर उघडली, पुन्हा ठक्‌. कुणीतरी आतून दार स्वतःकडे ओढत होतं आणि ते त्याच्याच अंगावर अडत होतं.

मी जवळ गेलो. फटीत कापड दिसलं, घट्ट दाबून बसलेलं. पिवळं, बारीक बुट्ट्यांचं. ज्या दिवशी तिला भरती केलं त्या दिवशी तिने अंगात तीच कुडती घातली होती. कापड वर-खाली होत होतं.

मी भिंतीवर दोन्ही तळवे टेकले. ढकललं तर उघडेल, असं एक क्षण वाटलं, आणि लगेच कळलं की ढकललं तर ते तिच्यावरच जाईल. मी हात मागे घेतले. खालून दौलतसिंह किल्लीसाठी हाक मारत होता.

“शामे,” मी म्हणालो, “जरा मागे सरक, बाळ.”

आत पाय घासल्याचा आवाज झाला. पाठोपाठ पाठ भिंतीला टेकल्याचा. तिने लगेच माझं ऐकलं होतं. दार मात्र होतं तेवढंच उघडं राहिलं.